डाव्या मनगटाचा सलाम

६ जानेवारी

मामा,

पोचले. सामानही पोचलं, फक्त टोपी आगगाडीत राहिली. आईला टोपीचं सांगू नकोस. निघताना तिनेच ती माझ्या कानांवर ओढली होती आणि वर 'हरवशील' असं म्हणूनही ठेवलं होतं.

इथे आल्या आल्या फोन काढून घेतले. रविवारी दहा मिनिटं परत मिळतो आणि ती दहा मिनिटं आई घेणार, हे तुलाही ठाऊक आहे. म्हणून तुझ्या वाट्याला पत्र. तसाही तू फोनवर 'हं, बरं, ठेवू?' याच्यापुढे कधी गेला नाहीस. पत्रात निदान वाक्यं लिहावी लागतील.

नऊ देशांतल्या एकतीस मुली आहोत, सगळ्या सोळा ते अठराच्या. तळं लांबच लांब आहे. सकाळी काठाला बर्फाची पातळ साय धरते. प्रशिक्षक बाई मोटारबोट फिरवून ती फोडतात, मग आम्ही पाण्यात उतरतो. दुपारी दीड तास सक्तीची विश्रांती आणि नंतर दालनात वल्ह्याच्या यंत्रांवर घाम. बाईंच्या गळ्यात शिट्टी असते आणि ती त्या जेवतानासुद्धा काढत नाहीत. मी त्यांचं नाव शिट्टीबाई ठेवलंय. माझ्या खोलीतली मुलगी फार लांबून आली आहे आणि हात रिकामे असले की विणायला घेते, म्हणून ती विणकर. तिची भाषा मला येत नाही, माझी तिला येत नाही, शिट्टीबाईंची दोघींना अर्धी अर्धी येते. त्यामुळे भांडणाचा प्रश्नच नाही.

आता मुद्द्याचं. वसंतातल्या मोठ्या शर्यतीला या छावणीची म्हणून एक बोट जाते. चार मुली, प्रत्येकीला दोन वल्ही, कुठल्याही देशाच्या चालतील. निवड चौदा फेब्रुवारीला. मला त्या बोटीत बसायचं आहे, मामा. आत्तापर्यंत हे मी कोणाला बोलले नव्हते, तुलाच पहिल्यांदा सांगतेय.

काल सगळ्यांची चित्रफीत काढली आणि भिंतीवर मोठी करून दाखवली. माझी आली तेव्हा शिट्टीबाईंनी ती थांबवली, मागे नेली, परत थांबवली. पाती पाण्यात घालायच्या आधी माझा डावा हात खाली बुडी मारतो, बोटभर. उजवा मारत नाही. त्यांनी विचारलं, डाव्या मनगटाला दुखापत झाली होती का? मी नाही म्हटलं. तरी मला इथल्या हाडवैद्य बाईंकडे पाठवलं. त्यांनी मनगट सगळीकडून वाकवून पाहिलं. ठणठणीत आहे म्हणाल्या.

आपण सगळेच तसं करतो ना? तो आपला सलाम. त्यांना काय सांगू? आपण तो का करतो, हे मी तुला कधी विचारलंच नाही.

तुझी,
काडी


११ जानेवारी

काडे,

टोपीचं आईला सांगितलेलं नाही. पण आज सकाळी तिने आपणहून विचारलं, 'टोपी हरवली असेल ना एव्हाना?' मी चहात तोंड घातलं.

इथे पाणी उतरलंय, धक्क्याच्या खालच्या दोन पायऱ्या उघड्या पडल्यात. बोटघरात पोरांना मी घासकाम लावलंय. लांब बोटीचं जुनं रोगण खरवडून झालं, आता पॉलिश कागदाचा तिसरा हात चालू आहे. बावीस पोरं, त्यात घासणारी सहा, बाकीची सल्ला देणारी. तू नसल्यामुळे सल्ला देणाऱ्यांत एक कमी आहे, हे मान्य केलं पाहिजे.

आता तुझा प्रश्न. त्या बाईंना सांग की ती चूक नाही, रीत आहे. आपलं पाणी वळणाचं, त्यावर डाव्या बाजूने आडवा वारा येतो आणि बारीक लाटा उठतात. डावा हात किंचित दाबला की डावी पाती लाटेवरून जाते, अडकत नाही. आजूबाजूच्या गावांत आपल्याला सलामवाले म्हणतात ते उगाच नाही. बावीस डावे हात एकदम खाली जातात तेव्हा काठावरची माणसं बघत राहतात. तळ्यावर शिकलेल्यांना हे कळायला वेळ लागेल. त्यांना वेळ दे.

तू माझ्याकडे सात वर्षं शिकलीस. एका चित्रफितीने डगमगायचं कारण नाही. नीट जेव आणि मोजे कोरडे ठेव.

मामा


१७ जानेवारी

मामा,

तुझं पत्र मी शिट्टीबाईंना वाचून दाखवलं. म्हणजे मी आपल्या भाषेत वाचलं, मग अर्ध्या भाषेत सांगितलं आणि वारा हातांनी दाखवला. विणकर बाजूला उभी राहून लाट झाली. बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. हसल्या नाहीत. म्हणाल्या, असेल, बघू या.

दुसऱ्या दिवशी अगदी स्थिर पाण्यात मला एकटीला बोटीत बसवलं आणि त्या मोटारबोटीतून शेजारून आल्या. सलामासह वीस हात मारायला लावले, मग सलामाशिवाय वीस. सलामासह दर वेळी बोट डावीकडे कलते, मामा. मला आजवर कळलंच नव्हतं, कारण आपल्याकडे सगळेच कलतात. शिवाय डावी पाती पाण्यात उशिरा पडते. फार नाही, पापणी लवायला लागतो तेवढा वेळ. पण दोन हजार मीटरमध्ये पापणी सव्वादोनशे वेळा लवते.

नंतर भर वाऱ्यातही करून पाहिलं. तिथे फायदा दिसेल अशी मला आशा होती. दिसला नाही.

निवडीसाठी आठ जणींना वेगळं काढलंय, त्यात मी आहे. विणकरही आहे. बाई म्हणाल्या, ताकद आहे, लय आहे, तेवढी हाताची बुडी चौदा तारखेच्या आत गेली पाहिजे. चौघींच्या बोटीत एक हात खाली गेला तर चौघी कलतात.

मला फार विचित्र वाटतंय. हात सुधारला की तुला खोटं पाडल्यासारखं वाटतं. नाही सुधारला की बोट जाते. तूही एकदा निवडीच्या तोंडाशी आला होतास आणि आजोबा आजारी पडले म्हणून गेला नाहीस, हे आई अजून सांगते. मला जायचंय रे. मी दुपारच्या विश्रांतीतसुद्धा यंत्रावर जाऊन बसते. तिथे समोर आरसा आहे. दांडा सरळ येतो का बघत राहायचं, बस. सात वर्षांची सवय आहे, तिला मोडायला जास्त वेळ द्यायला हवा. विश्रांतीत दालन बंद असतं, पण विणकरने किल्ली कुठे टांगतात ते शोधून काढलंय.

रागावलास का? रागावला असलास तर स्पष्ट लिही.

काडी


२२ जानेवारी

चि. काडीस,

आपलं पत्र मिळालं. आपण मोठ्या ठिकाणी गेला आहात, तिथे मोठी माणसं आहेत, त्यांच्या हाती चित्रफिती आहेत. आम्ही आपले लाकूड घासणारे. आपल्या मनाला येईल तसं करावं.

बोटीला रोगणाचा पहिला हात दिला.

मामा

ता. क. वरचं काल लिहिलं. आज पाकीट बंद करताना वाचलं आणि माझाच मला राग आला. फाडून नवं लिहिणार होतो, पण तू म्हणालीस स्पष्ट लिही, म्हणून राहू दे. रागावलो होतो. बाई सांगतात तसं कर. पण दुपारी झोप. विश्रांती सक्तीची ठेवतात ती काही कारण असल्याशिवाय नाही.


२८ जानेवारी

मामा,

'आपण' वाचून मला आधी पत्ता चुकला असं वाटलं. ताजा कलम आला तेव्हा जिवात जीव आला.

बातमी चांगली आहे. पहिला अर्धा तास डावा हात एकदम सरळ राहतो. आरशात मी मलाच ओळखत नाही. दमले की मात्र तो परत येतो, चोरपावलांनी. बाई लगेच शिट्टी मारतात. काल तीन शिट्ट्या झाल्या, परवा सात होत्या. चौघींच्या बोटीत मला तिसऱ्या जागेवर बसवून बघतायत. माझ्या पुढे विणकर. तिची पाठ मला आता तिच्या चेहऱ्यापेक्षा जास्त ओळखीची झाली आहे.

बाकी सगळं ठीक. थंडी फार आहे आणि या गाद्या मऊ आहेत, म्हणून मी उशा पाठीला लावून बसूनच झोपते. बरं वाटतं. विणकर फार गुणी मुलगी आहे, सकाळी माझ्या बुटांच्या नाड्यासुद्धा बांधून देते. मी तिला फक्त एकच अट घातली आहे, मला हसवायचं नाही. ती जेवताना शिट्टीबाईंची नक्कल करते. मग मला उठून बाहेर जावं लागतं.

एक विचारायचं होतं. तू गुडघ्याला ते हिरव्या बाटलीतलं तेल लावायचास, ते कुठल्याही स्नायूला चालतं का? म्हणजे पाठीपासून बाजूला थोडं वर? एकीला हवंय. आईला विचारू नकोस, ती उगाच दहा प्रश्न विचारेल.

चौदा तारीख सतरा दिवसांवर आली. आता काहीही मधे यायला नको.

काडी


२ फेब्रुवारी

काडे,

तेल त्या एकीला चालणार नाही.

बसून झोपते, वाकून नाडी बांधता येत नाही, हसली की बाहेर जावं लागतं. तीस वर्षं मी वल्ही मारणारी माणसं बघतोय. तुझी बरगडी दुखतेय. बाजूची, काखेच्या खाली चार बोटं, खोल श्वास घेतला की टोचते. शिंक आली की डोळ्यांपुढे काजवे. बरोबर आहे ना? आणि हाडवैद्य बाईंना तू सांगितलेलं नाहीस, कारण सांगितलं तर चौदा तारीख गेली.

तुला आता मी रागावायला हवं, पण मला तो अधिकार आहे का, हेच मला कळेना. म्हणून आधी माझं ऐक. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. तुझ्या आईलाही नाही.

आजोबा आजारी पडले म्हणून मी निवडीला गेलो नाही, ही गोष्ट खोटी आहे. आजोबांना सर्दी झाली होती. तेव्हा मी आत्ताच्या तुझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा होतो. निवडीच्या पाच आठवडे आधी धक्क्यावर बोट उतरवताना घसरलो आणि डावं मनगट मोडलं. डॉक्टरांनी प्लास्टर घातलं, सहा आठवडे म्हणाले. मी हिशोब केला, सहा आठवडे म्हणजे निवड गेली. मग चौथ्या आठवड्यात, घरी कोणी नसताना, मी प्लास्टर कापून काढलं. हात दुखत होता. मी मनाची समजूत घातली की दुखणारच, इतके दिवस बांधलेला होता.

आठ दिवस वल्ही मारली. नवव्या दिवशी हातातून वल्हंच सुटलं. निवडीच्या दिवशी मी बोटघराच्या माळ्यावर बसून होतो. मनगट जुळलं ते वाकडं. बाहेरून कळत नाही, पण ते मागे वळत नाही. वल्ह्याचा दांडा फिरवायला माणसं मनगट वळवतात. मला ते जमत नाही, म्हणून मी अख्खा हात खाली नेतो. बोटभर.

हाच तो सलाम. वारा नाही, लाटा नाहीत, रीत नाही. माझं मोडलेलं हाड आहे.

मी शिकवायला लागलो तेव्हा पुढे बसून पोरांना दाखवायचो, असं करा. पोरं करायची. पहिल्या वर्षी लक्षात आलं नाही. दुसऱ्या वर्षी आलं. तेव्हा सांगायला हवं होतं. पण सांगायचं म्हणजे प्लास्टरपासून सांगावं लागणार. मग कोणीतरी 'सलामवाले' म्हणालं, पोरांना नाव आवडलं, मलाही आवडलं. वाऱ्याची गोष्ट मी कधी रचली ते आठवतसुद्धा नाही. इतक्या वेळा सांगितली की माझाच तिच्यावर विश्वास बसला होता. तू शिट्टीबाईंना वाचून दाखवलीस ती हीच.

तू दुपारची विश्रांती मोडून यंत्रावर बसलीस ती माझा हात मोडून काढायला. त्यात तुझी बरगडी गेली. हे माझं आहे, तुझं नाही.

आईला मी काही सांगितलेलं नाही. छावणीलाही फोन करणार नाही. वास्तविक करायला हवा, रोज दोनदा हात फोनकडे जातो. पण माझ्या वेळी कोणी येऊन मला डॉक्टरकडे ओढत नेलं असतं, तर मी त्याला जन्मभर माफ केलं नसतं. म्हणून तुझ्यावर सोडतो. पण हे पत्र पोचल्यानंतर दोन दिवसांत तुझ्याकडून काही कळलं नाही, तर नऊ तारखेला मी फोन करेन. मग नको करू माफ.

तुला ती जागा किती हवी आहे ते मला माहीत आहे. मला जितकी हवी होती तितकी. म्हणूनच सांगतोय, जा आणि दाखव.

मामा


८ फेब्रुवारी

मामा,

तुला फोन करायची गरज पडणार नाही. आज हे तातडीच्या टपालाने पाठवतेय आणि मी दाखवून आले एवढं शिट्टीबाई आजच बोटघराला फोनवरून कळवणार आहेत. पण माझं तू माझ्याकडूनच ऐक.

पत्र काल जेवणाच्या वेळी मिळालं. वाचलं आणि मला तुझा इतका राग आला की मी कधी कोणावर इतकी रागावले नव्हते. मी शिट्टीबाईंपुढे उभी राहून तुझा वारा हातांनी दाखवला होता. विणकर लाट झाली होती. ती बिचारी मनापासून लाट झाली होती, मामा. पहिल्याच पत्राला तू 'माझं मनगट वाकडं आहे' एवढं एक वाक्य लिहिलं असतंस, तर मी दोन दिवसांत सलाम सोडून दिला असता. मी तो सोडवत होते आणि धरूनही ठेवत होते. दर वेळी सरळ हात मारला की मनात तुझी माफी मागत होते. अशी वल्ही मारली की माणूस दुप्पट दमतो.

त्या रागात मी दालनात गेले आणि यंत्रावर चाळीस मिनिटं वल्ही मारली. आजवरचा माझा सगळ्यात चांगला आकडा आला. डावा हात एकदाही खाली गेला नाही, शेवटच्या मिनिटालासुद्धा नाही. बाईंची एकही शिट्टी नाही. त्या माझ्याजवळ आल्या आणि खांद्यावर हात ठेवून 'आता झालं' म्हणाल्या.

मग कपडे बदलायला गेले तर मला बनियन काढता येईना. हात डोक्याच्या वर गेला आणि तिथेच अडकला, ना वर ना खाली. तोंड कापडात. मी तशीच बाकावर बसून राहिले. श्वास घ्यायची भीती वाटत होती. किती वेळ ते माहीत नाही. विणकर आली, तिने काही न विचारता एकेक बाही सोडवली. ती रडत होती. तिला सगळं आधीपासून कळलं होतं, नाड्या तीच बांधत होती ना. मी गप्प राहायला सांगितलं म्हणून ती गप्प होती.

मी कोट घातला आणि हाडवैद्य बाईंकडे गेले. दारावरून एकदा पुढे गेले. मग परत आले. तुझ्या पत्रामुळे गेले असं लिहिणार नाही, कारण अजून राग आहे. पण माळ्यावर बसलेला तू मला दिसत होतास.

आज सकाळी फोटो काढला. डावीकडच्या सहाव्या बरगडीला बारीक चीर आहे. सहा आठवडे वल्हं नाही. आणखी आठ दिवस मारलं असतं तर काय झालं असतं, ते त्यांनी मला चित्र काढून दाखवलं. ते मी इथे काढत नाही.

निवड गेली. मी खूप रडले. रडल्यावरही बरगडी दुखते, त्यामुळे नीट रडताही आलं नाही.

शिट्टीबाई रागावल्या नाहीत. किल्लीचा खिळा मात्र बदलला. चौदा तारखेला मोटारबोटीत त्यांच्याशेजारी बसायचं आहे, त्यांनी सांगितलंय. मला यायचं नाही असं मी म्हणाले. त्या म्हणाल्या, गरम कपडे घाल.

काडी


१३ फेब्रुवारी

काडे,

तुझं पत्र मिळालं. मी ते धक्क्यावर उभ्यानेच वाचलं. तू हाडवैद्य बाईंकडे गेलीस हे छावणीच्या निरोपावरून कळलं होतं, तरी पत्र संपल्यावर पहिल्यापासून पुन्हा वाचलं.

राग राहू दे. तो बरोबर आहे. मी चुकलो. वीस वर्षांपूर्वी चुकलो ते वेगळं, तेव्हा अक्कल नव्हती. ११ जानेवारीला चुकलो ते अक्कल असताना. त्याबद्दल मला क्षमा कर. लगेच नको, होईल तेव्हा.

काल संध्याकाळी पोरांना बोटघरात गोळा केलं. बावीसच्या बावीस. रोगण वाळत होतं, म्हणून सगळ्यांना उभं राहायला सांगितलं, कशाला टेकायचं नाही. मी बाही वर केली आणि मनगट पुढे धरलं. म्हटलं, मागे वळवून बघा. एकेकाने वळवून पाहिलं. वळेना. मग सगळं सांगितलं, प्लास्टरपासून. शेवटी म्हटलं, तर हा सलाम म्हणजे माझं मोडकं हाड आहे आणि तुम्ही ते फुकट उचललंत.

मग मागच्या रांगेतली एक चिमुरडी म्हणाली, 'म्हणजे आम्हाला सरळ मारता येतं?' मी म्हटलं, येईल. ती म्हणाली, 'मला आधीपासून येतं. तुम्ही बघत नव्हतात तेव्हा मी तसंच मारायचे. सोपं जातं.' सगळे हसले. मीही हसलो, पण ते मला लागलं. इतकी वर्षं मी पुढे बसून दाखवत राहिलो. पोरं माझ्याकडे बघायची. मी त्यांच्या हातांकडे कधी नीट बघितलंच नाही. आज सकाळी पहिल्यांदा उलटा बसलो, त्यांच्याकडे तोंड करून, हात मांडीखाली घालून. दाखवायची इतकी सवय आहे की हात दाबूनच ठेवावे लागले.

तुझ्या आईलाही सांगितलं. तुझं नाही, माझं. तुझं तू रविवारी सांगणार आहेस असं मी धरून चाललोय. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, 'माझी कापड कापायची कात्री तेव्हाच बोथट झाली होती. पांढरी भुकटी होती तिच्या खिळ्यात.' म्हणजे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी विचारलं, मग आजोबांच्या आजारपणाची गोष्ट सगळ्यांना का सांगत बसलीस? म्हणाली, 'तुला ती गोष्ट हवी होती म्हणून.' आणि घड्या घालत राहिली.

उद्या चौदा. तू मोटारबोटीत जा. मी माळ्यावर बसलो, त्याऐवजी काठावर जाऊन उभा राहिलो असतो तर बरं झालं असतं, असं मला नेहमी वाटत आलंय. बाकी काही सांगण्याइतका मी शहाणा नाही.

मामा


१९ फेब्रुवारी

मामा,

गेले. गरम कपडे घालून, विणकरने विणलेली टोपी घालून. महिनाभर ती माझ्यासमोर माझीच टोपी विणत होती आणि मी रंगाला नावं ठेवत होते.

मोटारबोटीतून चौघींना समोरून बघता येतं. बोटीत असताना फक्त पुढच्या पाठी दिसतात. माझ्या तिसऱ्या जागेवर दुसरी मुलगी होती, शांत, रुंद खांद्यांची. मी तिच्यात चूक शोधत होते. खरंच शोधत होते, हे कबूल करते. पंधराशे मीटरपर्यंत शोधली. सापडली नाही. चौघींचे आठ हात एका रेषेत येत होते आणि बोट जराही कलत नव्हती. मला इतकं वाईट वाटलं की मी शिट्टीबाईंच्या कोटाची बाही धरली. त्यांनी धरू दिली. मग शेवटच्या दोनशे मीटरला त्यांची शिट्टी वाजायच्या आधी मीच ओरडायला लागले. विणकरचं नाव घेऊन, मग चौघींची नावं घेऊन. बरगडीत कळ आली तरी ओरडले.

निवड त्यांचीच झाली. विणकर धक्क्यावर उतरली आणि माझ्यापासून लांब जाऊन उभी राहिली, आनंद दिसू नये म्हणून. चेहरा पाडण्याचा प्रयत्न करत होती आणि तिला तो काही जमत नव्हता. मी जाऊन तिला शिट्टीबाईंची नक्कल करून दाखवली. अट मोडली. दोघी हसलो. मला फार दुखलं.

रविवारी आईला सांगितलं. दहा मिनिटं पुरली नाहीत, शिट्टीबाईंनी आणखी दहा दिली. आई रागावली, मग रडली, मग म्हणाली, 'दाखवलंस ना, मग झालं.' शेवटी टोपीचं विचारलं. आहे म्हणाले.

काल सामान भरताना तुझी पत्रं परत वाचली. वाऱ्याचं पत्र फाडणार होते. फाडलं नाही. तू त्यात खोटं लिहिलंयस, पण मी डगमगू नये म्हणून लिहिलंयस, असं काल वाटलं. आज परत तितकंसं वाटत नाही. मामा, मला तुझ्यावर असं कधी रागवावं लागलं नव्हतं, त्यामुळे ते कसं संपवतात मला माहीत नाही. बहुतेक हळूहळू संपत असेल. बरगडीला सहा आठवडे दिलेत. याला किती लागतील ते सांगता येत नाही.

मी चोवीस तारखेला दुपारच्या गाडीने पोचते. मला पिशवी उचलायची नाही, खांद्याला काही लावायचं नाही. आई म्हणतेय ती येईल. मी तिला नको म्हणून सांगितलंय.

राग अजून आहे. तरी घ्यायला तूच ये.

काडी